फक्त गाडीची किल्ली

उस्तादाला वाईट म्हणणारा माणूस त्या भागात शोधूनही सापडला नसता, आणि खरं दुखणं तेच होतं. वाईट माणसाचं बोलणं लोक निदान तपासून तरी घेतात. उस्तादानं सांगितलं की गाडीत अमुक बिघडलंय, तर अमुकच निघायचं. त्यानं सांगितलं की काही झालेलं नाही, की गिऱ्हाईक निमूट किल्ली उचलून घरी जायचं. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. एकतीस वर्षं सगळ्यांनी माना डोलावल्यावर कुणाच्याही डोक्यात जे शिरेल ते त्याच्याही डोक्यात शिरलं होतं, फक्त त्याचा त्याला पत्ता नव्हता.

गॅरेज म्हणजे एक लांबट गाळा. दोन गाड्या आत, तिसरी अर्धी रस्त्यावर. भिंतीवर पाने मापानं टांगलेले, प्रत्येकामागे रंगानं त्याची आकृती काढलेली, म्हणजे एक जरी जागेवर नसला तरी लांबून कळावं. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि त्याचा नळ कित्येक वर्षं गळत होता. गावाच्या गाड्या ठणठणीत करणाऱ्याला स्वतःचा नळ नीट करायला सवड मिळत नाही, हे त्याची बायको डबा घेऊन आली की न चुकता ऐकवायची. तो न चुकता हसायचा.

त्याचे दोन नियम होते. पहिला, बिघाड स्वतः पाहिल्याशिवाय गाडीला पाना लावायचा नाही. आसपासची गॅरेजं अंदाजपंचे काम करायची. हा पार्ट बदलून बघू, नाही जमलं तर तो बदलू. उस्तादाला त्याची शिसारी होती. "आधी मला दाखव, मग बोल," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा आणि गाडी स्वतः दोन-दोन दिवस चालवून बघायचा. दुसरा नियम दारावरच रंगवलेला होता: 'फक्त गाडीची किल्ली द्यावी. घरच्या किल्ल्या सोबत न्याव्यात.' फार मागे एका गिऱ्हाइकाच्या घरी चोरी झाली होती, आणि त्याच्या घराची किल्ली त्या आठवड्यात गाडीच्या किल्लीबरोबर याच गॅरेजात टांगलेली होती. उस्तादाला दोन दिवस पोलीस चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. चोर नंतर सापडला, पण ते बाक तो विसरला नाही. दोन्ही नियम सरळ माणसाचे होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

त्याला एक धाकटी बहीण होती. दोघांत अकरा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, तेव्हा तिला शिकवली ती यानं, नर्सिंगला घातली ती यानं, आणि गाडी चालवायला शिकवली तीही यानंच. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती, केसांत पांढऱ्याची पट्टी आली होती, लग्न केलेलं नव्हतं, वीस वर्षांची नोकरी गाठीशी होती, तरी हा तिला 'छोटी'च म्हणायचा आणि रस्ता ओलांडताना तिचा दंड धरायचा.

छोटीचं काम हिंडण्याचं होतं. अंथरुणाला खिळलेली माणसं शहरभर विखुरलेली असतात. कुणाची जखम धुवायची, कुणाला इन्सुलिन टोचायचं, कुणाची नळी बदलायची. ती सकाळी सातला निघायची आणि एकामागून एक घरं करायची. उठून दार उघडायची ताकद नसलेली माणसं ही, म्हणून त्यांच्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडेच. अकरा घरं, काहींना दोन-दोन कुलपं, काहींच्या इमारतीच्या फाटकालाही वेगळं कुलूप. त्या सगळ्या पितळी-लोखंडी किल्ल्या तिनं एका जाड कड्यात ओवल्या होत्या, आणि गाडीची किल्लीही त्यातच. गाडी बंद केली की जुडगा हातात आणि पाय पुढच्या दारात, असा तिचा हिशोब. जुडगा एवढा जड होता की पर्समध्ये टाकला की बंद खांद्यात रुतायचा.

एका दुपारी ती गॅरेजात आली ती घामाघूम.

"दादा, गाडी चालता चालता बंद पडते रे."

"रोज?"

"नाही ना. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कधी आठ दिवस काहीच नाही. मग परत."

"बंद पडायच्या आधी आचके देते? ताकद जाते?"

"काही नाही. एकदम. कुणी हात घालून बंद केल्यासारखी. स्टिअरिंग दगड होतं, समोरचे दिवे जातात..."

"दिवे जात नाहीत गं. इंजिन बंद पडलं की लाल दिवे लागतात. बॅटरीचा, ऑइलचा."

"नाही लागत, दादा. सगळं काळं होतं. मग मी किल्ली मागे घेऊन परत फिरवली की लगेच चालू."

"घाबरलं की माणसाला उलटंसुलटं दिसतं," उस्ताद म्हणाला आणि बॉनेट उघडलं.

आता हे सांगताना माझाच हात चावावासा वाटतो. कारण बाईनं अख्खं निदान त्याच्या पुढ्यात वाढून ठेवलं होतं. इंजिन पेट्रोलवाचून थांबलं तर लाल दिवे लागतात. ते दिवेही विझले तर मुळात गाडीची वीजच मधे कुठेतरी तुटते आहे. हे उस्तादाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. परकं गिऱ्हाईक असतं तर त्यानं त्याचा शब्द न् शब्द धरला असता, 'दिवे गेले' ऐकून कान टवकारले असते. पण ही छोटी होती. हिला क्लच म्हणजे काय हे त्यानं बोट धरून शिकवलं होतं. तिचे डोळे खोटं बोलतात आणि आपली समजूत खरी, असं त्यानं क्षणात ठरवून टाकलं, आणि तेही मायेनं.

किल्ली देताना तिनं नियमाप्रमाणे कड्यातून गाडीची तेवढी काढून दिली. भावाचं गॅरेज म्हणून नियम बदलत नव्हता, आणि रुग्णांच्या घराच्या किल्ल्या ती कुठेच सोडत नसे. दोघांनीही चोख तेच केलं जे करायला हवं होतं.

उस्तादानं कामात कसूर केली असं मात्र कुणी म्हणू नये. बॅटरीची टोकं घासली, इंजिनापासून बॉडीला जाणारी तार ओढून पाहिली, पेट्रोलचा दाब मोजला, फिल्टर काढून फुंकून बघितला. इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा एक सेन्सर असतो, तो तापला की कधी कधी मुका होतो; उस्ताद त्यावर गरम हवा सोडून अर्धा तास बघत बसला. कॉम्प्युटर लावला, त्यानंही काही कबूल केलं नाही. मग तीन दिवस गाडी स्वतः चालवली. चढावर, उतारावर, खड्ड्यांत मुद्दाम घालून. किल्ली एकटी, हलकी, स्विचमध्ये आरामात बसलेली. गाडी एकदाही बंद पडली नाही.

"घेऊन जा. मला काही दिसलं नाही," त्यानं सांगितलं.

चौथ्या दिवशी ती भर चौकात बंद पडली. मागचा ट्रक हातभरावर येऊन थांबला. छोटी परत आली, परत किल्ली काढून दिली, परत पाच दिवस गाडी गॅरेजात राहिली आणि परत शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या खेपेला उस्ताद म्हणाला, "चल, तू चालव, मी शेजारी बसतो." खुंटीवरची सुटी किल्ली घेऊन ती बसली. जुडगा मांडीवरच्या पर्समध्ये होता. तासभर फिरले. तिचं लक्ष सारखं समोरच्या दिव्यांकडे होतं, एकदा क्लच लवकर सुटला आणि गाडीनं उडी मारली. झालं! उस्तादाला त्याचं उत्तर सापडलं.

गॅरेजात परत आले तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. उस्ताद उतरला, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. बिघाड सीट आणि स्टिअरिंगच्या मधे बसलाय!"

मंडळी खो खो हसली. उस्तादही हसला. त्यात त्याला काही वाकडं बोलायचं नव्हतं, तो सगळ्यांचीच अशी खेचायचा. छोटी हसली नाही. तिनं किल्ली कड्यात ओवली. ते जाड कडं बोटांनी फाकवायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत होते.

"तुम्ही तिला सगळ्यांसमोर वेड्यात काढलंत," बायको घरी म्हणाली.

"अगं, पायाची सवय बिघडते माणसाची. वय होतं."

"तिचं वय होतं, तुमचं नाही होत?"

उस्तादानं ताटाकडे लक्ष दिलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी भागलं असतं. पण छोटीच्या रुग्णांत एक घड्याळवाले आजोबा होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. नर्स आठ चाळीसला येते म्हणजे आठ चाळीसला येते. एका सकाळी गाडी दोनदा बंद पडली, दुसऱ्यांदा चढावर, आणि घाबरून तिनं ती तिथेच सोडली, पायी गेली. पोचायला दहा वाजले. आजोबा वाट बघून स्वतःच उठायला गेले होते. ती आत शिरली तेव्हा ते पलंग आणि भिंतीच्या मधे पडलेले होते, खुबा मोडला होता.

तिच्या वरच्या बाई, मेट्रन, कडक पण न्यायाच्या होत्या. त्यांनी छोटीला विचारलं, छोटीनं गाडीचं सांगितलं. उशिराची ही पाचवी वेळ होती. मेट्रन म्हणाल्या, "गॅरेजकडून लिहून आणा." म्हणजे गाडीत दोष आहे असं कुणी जाणत्यानं लिहून दिलं, तर बाईंचा दोष नाही. छोटी भावाकडे गेली.

"दादा, एवढं लिहून दे, की गाडी बंद पडते."

उस्तादानं हातातला पाना भिंतीवर त्याच्या जागी टांगला. मग म्हणाला, "छोटे, मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं कसं लिहू? उद्या कुणी म्हणेल, बहीण म्हणून लिहिलं."

"मी सांगतेय ना."

"तू सांगतेस. पण कागदावर सही माझी आहे."

आणि त्यानं लिहिलं. गॅरेजच्या छापील कागदावर, सुंदर अक्षरात: गाडी तीन वेळा तपासली, आठ दिवस चालवून पाहिली, कोणताही दोष आढळला नाही. शिक्का मारला. खोटं काही नव्हतं त्यात. आपण बहिणीसाठीही खोटं लिहिलं नाही, याचं त्याला मनातून कौतुकच वाटलं असणार. मला त्याच्या त्या खरेपणाचा जेवढा राग येतो तेवढा एखाद्या लुच्च्याचा येत नाही. 'मला आढळला नाही' आणि 'दोष नाही' यांत जेवढं अंतर होतं त्यात एका बाईची नोकरी सहज मावत होती, पण ते लिहायला त्याला आणखी एक ओळ खर्चावी लागली असती. 'मालकीण म्हणते की बंद पडते, आणि मालकिणीवर माझा विश्वास आहे.' एवढंच.

छोटीला फेऱ्यांवरून काढलं. औषधांच्या कोठीत बसवलं. बाटल्या मोजायच्या, तारखा बघायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. अकरा घरांच्या किल्ल्या तिनं मेट्रनच्या टेबलावर एकेक करून काढून ठेवल्या. कड्यात उरली गाडीची किल्ली आणि तिच्या घराची.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

महिना गेला, दोन गेले. उस्ताद खूश. "बघ, जिवाचा घोर गेला, पाय आपोआप सुधारला," तो म्हणायचा. छोटी मान हलवायची. तिला वादात पडायचं कारणच उरलं नव्हतं. गाडीनंही तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती. पुढे तिनं गाडी काढणं कमी केलं, मग बसनं जायला लागली, आणि एक दिवस गाडी गॅरेजसमोर उभी करून म्हणाली, "तू वापर, दादा. मला नको."

उस्तादानं ती किल्ली आपल्या जुडग्यात ओवली. गॅरेजच्या शटरची दोन जाड कुलपं, कपाट, हत्यारांची पेटी, घर. स्वतःच्या किल्लीला दारावरचा नियम थोडाच लागू होता! सहाव्या दिवशी, सकाळी, उखडलेल्या रस्त्यावरून वळताना जुडगा हिसकला आणि गाडी गपकन गेली. आचका नाही, आवाज नाही. स्टिअरिंग दगड झालं. आणि समोरचा लाल दिवा नाही, हिरवा दिवा नाही, सगळं काळं.

मागून हॉर्न कोकलत होते. उस्तादानं किल्ली मागे घेऊन फिरवली, गाडी लगेच चालू. त्यानं ती कडेला घेतली. मग इंजिन चालू ठेवून जुडगा दोन बोटांनी हलकेच खाली ओढला. बंद. परत चालू केली, परत ओढला. बंद. जुडग्यातून गाडीची किल्ली सुटी केली, लावली, अर्धा तास तसाच बसला. इंजिन गुरगुरत राहिलं.

गॅरेजात येऊन त्यानं किल्लीमागचा स्विच काढला. काड्यापेटीएवढी वस्तू. आतली पितळी पट्टी एका बाजूला झिजून चकचकीत झाली होती; वजनानं किल्ली खाली ओढली गेली की संपर्क तुटायचा. नवा स्विच बसवायला वीस मिनिटं लागली. बसवल्यावर त्यानं किल्लीला नटांनी भरलेली पिशवी टांगली आणि गदागदा हलवली. इंजिन अडखळलं नाही, बंदही पडलं नाही.

हे सगळं त्याच दिवशी जाऊन सांगायला काय हरकत होती? उस्ताद आठ दिवस मूग गिळून बसला. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मधेच "परत सांगा" म्हणायचा. शेवटी बायकोनंच त्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेला तो जुना स्विच शोधला आणि समोर ठेवला. त्याला सांगावंच लागलं.

बायकोनं स्विच परत रुमालात गुंडाळला. मग म्हणाली, "तो कागद लिहायला तुम्हाला आठ दिवस लागले नव्हते."

तो उठला आणि तसाच छोटीकडे गेला. तिची एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीत धुतलेले हातमोजे वाळत घातलेले. त्यानं रुमाल टेबलावर उलगडला, पट्टी दाखवली, किल्ल्यांच्या वजनाचं सांगितलं. तिनं तो स्विच हातात घेऊन वळवून वळवून पाहिला.

"म्हणजे दिवे जात होते," ती म्हणाली.

"जात होते, छोटे."

"मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, दादा. त्यांनी डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. चार महिने गोळ्या घेतेय. तू म्हणालास, गाडीत काही दिसलं नाही, म्हणजे मलाच काहीतरी झालंय, असं मी धरून चालले होते. तुझ्यावर रागवायचं सुचलंसुद्धा नाही."

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली आणि गोळ्यांचं पाकीट फडताळात मागे सरकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद मेट्रनपुढे उभा राहिला. नवा कागद लिहून आणला होता: दोष होता, माझ्या लक्षात आला नाही, गाडीच्या मालकिणीनं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. मेट्रननी दोनदा वाचला. त्या खरंच न्यायाच्या होत्या. म्हणाल्या, "एक फेरी रिकामी होते आहे. सोमवारपासून येऊ देत त्यांना." घड्याळवाले आजोबा कुठे आहेत, हे त्यानं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं की ते हॉस्पिटलमधून घरी परतले नाहीत.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन छोटीच्या दारात गेला. धुऊन, पुसून, नवा स्विच, चाकांत हवा. "चल, एक चक्कर मार. उद्यापासून कामावर जायचंय," तो म्हणाला. तिलाही जायचं होतं. तिनं पांढरे बूट काढून पुसून ठेवले होते, ते त्यानं आत येताना पाहिले होते.

ती बसली, सीट पुढे ओढली, गाडी चालू केली. गल्लीतून नीट नेली. कोपऱ्यावर मोठा रस्ता लागत होता, तिथे तिनं ब्रेक लावला. रस्ता मोकळा झाला, ती थांबूनच. परत मोकळा झाला. तिची मान खाली होती, ती आपल्या पायाकडे बघत होती. मागे दोन गाड्या येऊन लागल्या.

"जा, छोटे. मोकळा आहे."

"दादा, माझा पाय बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

"नक्की ना?"

"नक्की. मी सांगतो ना."

म्हणून गेला, आणि कागद मागताना तिनं हेच शब्द म्हटले होते हे त्याला आठवलं. छोटीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, आजारी माणसाकडे बघावं तसं. मग तिनं हँडब्रेक ओढला, दार उघडलं, उतरली आणि फुटपाथच्या कडेकडेनं घराकडे चालायला लागली.

मागच्या गाड्यांचे हॉर्न वाढले, कुणीतरी खिडकीतून शिवी हासडली. उस्ताद सरकून स्टिअरिंगमागे बसला. सीट तिच्या उंचीनं पुढे ओढलेली होती, त्याचे गुडघे वर आपटले, आणि ती मागे ढकलायचा दांडा त्याच्या हाताला लवकर सापडेना.